पानामागचे पान

ग्रंथाचे मुखपृष्ठ सर्वजण पाहतात. आत तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक टाइपात छापलेला मजकूर मात्र सहसा कोणी वाचत नाही. प्रकाशकाचे नाव, मुद्रकाचा पत्ता, आवृत्तीचे वर्ष आणि हक्क कोणाकडे आहेत हे सांगणारी एक ओळ, एवढाच तो मजकूर असतो. रसिकाला त्याचे प्रयोजन नसते. ग्रंथपाल मात्र पुस्तक हाती येताच आधी तेच पान उघडतो, आणि वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक अडतो तोही बहुधा त्याच पानाशी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, ती अशाच दुर्लक्षित तपशिलांची आहे. वाङ्मय वाचणाऱ्यांचे एक जग असते आणि वाङ्मय नोंदवणाऱ्यांचे दुसरे. हे दुसरे जग विस्कळीत असेल, तर आपण काय वाचलेले नाही हेच पहिल्या जगाला कळत नाही.

महाजालावरील पानालाही असे एक मागचे पान असते. ते माणसाच्या डोळ्यांसाठी नसते, यंत्रासाठी असते. 'ही कथा आहे, हिची लेखिका अमुक, ती अमुक मासिकाच्या अमुक अंकात आली, भाषा मराठी' असे त्यात ठरलेल्या खात्यांत मांडलेले असते. इंग्रजीतून आलेला शब्द स्ट्रक्चर्ड डेटा. या लेखापुरते आम्ही त्याला 'यंत्रनोंद' म्हणू. मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना या विषयात शिरण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'अज्ञात' असे द्यावे लागेल.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी मासिके आणि दिवाळी अंक बऱ्यापैकी आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतील पुष्कळशी कथा आणि कविता पुस्तकाआधी अंकांत जगली. कित्येकदा ती अंकांतच राहिली, पुस्तकापर्यंत पोहोचलीच नाही. विशेषतः स्त्रियांच्या लेखनाबाबत हे खरे आहे. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले आणि घराघरांतून लिहिणाऱ्या स्त्रियांना एक दार उघडले. परंतु त्या दारातून आलेल्या कितीजणींचे संग्रह निघाले? म्हणून आम्ही दोघांनी सुट्ट्यांमध्ये बसून आमच्याकडील अंकांची कथासूची करावयास घेतली आणि ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवली. प्रत्येक कथेला एक पान, प्रत्येक लेखकाला एक पान.

या कामात खरा कस लागतो तो नावांशी. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ही समीकरणे आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. ही सगळी पुरुषांची झाली. त्यांची टोपणनावे बहुधा हौसेची किंवा काव्यपरंपरेची. स्त्रियांच्या बाबतीत टोपणनावाआधीच दोन नावे असतात, एक माहेरचे आणि एक सासरचे. बाळूताई खरे विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या आणि १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले ते विभावरी शिरूरकर या तिसऱ्याच नावाने. ते नाव हौसेने घेतलेले नव्हते. त्या कथांनी उठवलेले वादळ पाहता ती ढाल होती. मालतीबाई थोर लेखिका असल्यामुळे ही तीन नावे जोडणारे समीक्षक त्यांना लाभले. ज्यांनी माहेरच्या नावाने चार कथा लिहिल्या, सासरच्या नावाने तीन आणि पुढे थांबल्या, त्यांची नावे कोणी जोडायची? आमच्या सूचीत अशा लेखिका एक-दोन नाहीत, बऱ्याच आहेत. विवाहाच्या नोंदी, नातेवाइकांची पत्रे, अंकातील परिचय यांच्या आधाराने आम्ही जमेल तितकी नावे जोडली. त्या जोडणीत आमची काही वर्षे गेली.

ही जोडणी यंत्राला सांगण्याची सोय आहे. गूगल, बिंग आणि याहू या शोधयंत्रांनी २०११ सालच्या जूनमध्ये एकत्र येऊन 'स्कीमा डॉट ऑर्ग' या नावाने एक सामाईक शब्दकोश काढला. त्यात कथेसाठी 'शॉर्टस्टोरी', मासिकासाठी 'पीरिऑडिकल' आणि त्याच्या अंकासाठी 'पब्लिकेशनइश्यू' असे प्रकार आहेत. व्यक्तीच्या नोंदीत 'ऑल्टरनेटनेम' म्हणजे पर्यायी नाव हे खाते आहे, आणि 'सेमअ‍ॅज' हेही आहे. हे दुसरे खाते 'दुसऱ्या ठिकाणी नोंदलेली ती व्यक्ती हीच' असे सांगते. वाङ्मयेतिहासातील अर्धे वाद या 'हीच' शब्दाभोवती फिरतात हे लक्षात घेतले, म्हणजे आम्हांला हा शब्दकोश का आवडला ते कळेल. ही खाती पानात लिहिण्याची एक सुटसुटीत रीत म्हणजे जेसन-एलडी. २०१४ साली तिला महाजालाच्या प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. पानाच्या दृश्य मजकुराला हात न लावता एका कोपऱ्यात ती नोंद ठेवता येते.

आमची नोंद कोपऱ्यात ठेवली गेली, पण पानात नव्हे. संकेतस्थळाचे काम बाहेरच्या एका संस्थेकडे होते. पानांचा मूळ साचा सगळ्या महाविद्यालयाचा. त्यात एक ओळ बदलायची तर परवानग्यांची रांग. त्यावर त्या संस्थेने तोडगा काढला की यंत्रनोंद साच्यात न लिहिता टॅग मॅनेजरमधून सोडावी. टॅग मॅनेजर ही मूळ जाहिरातवाल्यांची सोय. भेटी मोजणाऱ्या आणि जाहिराती जुळवणाऱ्या छोट्या स्क्रिप्टा दर वेळी प्रोग्रामरची वाट न पाहता पानात सोडता याव्यात म्हणून ती निघाली. गूगलचा टॅग मॅनेजर २०१२ सालचा. पान वाचकाच्या न्याहाळकात म्हणजे ब्राउझरमध्ये उघडते, मग स्क्रिप्ट धावते, आणि ती जी भर घालायची ती पानात घालते. आमच्या लेखिकांची जोडलेली नावे अशा रीतीने पानामागून येऊ लागली.

दरम्यान मराठी नियतकालिकांच्या विखुरलेल्या सूची एकत्र करणाऱ्या एका प्रकल्पाचा क्रॉलर आमच्या संकेतस्थळावरून फिरून गेला. क्रॉलर म्हणजे दुव्यादुव्याने पाने गोळा करणारा कार्यक्रम. पूर्वी त्याला कोळी म्हणण्याची चाल होती. आमची एक विद्यार्थिनी १९३० ते १९६० या काळातील कथालेखिकांवर प्रबंध लिहीत होती. त्या एकत्रित सूचीवरून तिने लेखिकांची गणना केली आणि ती कोष्टके घेऊन आमच्याकडे आली. आमच्या ग्रंथालयातील कथांपुढे शीर्षक होते, दुवा होता. लेखकाच्या रकान्यात मात्र ओळीने 'अज्ञात' लिहिलेले होते. ज्यांची नावे छापील अंकात ठसठशीत आहेत, आमच्या पानावरही डोळ्यांना दिसतात, त्या स्त्रिया तिच्या प्रबंधात निनावी होऊ घातल्या होत्या. प्रकल्पाला दोष देता येत नव्हता. त्यांच्या कार्यक्रमाने लेखकाचे खाते शोधले, ते मिळाले नाही, त्याने तसे लिहिले.

खाते होते, तरी मिळाले नाही. हे कसे, ते समजून घेण्यासाठी पाठचिकित्सेचा आमचा जुना अभ्यास उपयोगी पडला. संकेतस्थळाच्या एकाच पानाच्या दोन संहिता असतात. सेवक-संगणकाकडून म्हणजे सर्व्हरकडून जी निघते ती पहिली. न्याहाळकाने सगळ्या स्क्रिप्टा चालवल्यानंतर जी तयार होते ती दुसरी. वाचक पाहतो ती नेहमी दुसरी. न्याहाळकात 'पानाचा स्रोत पाहा' ही आज्ञा दिली की पहिली संहिता दिसते. 'इन्स्पेक्ट' म्हटले की दुसरी. आम्ही दोन्हींत एकाच लेखिकेचे माहेरचे नाव शोधून पाहिले. दुसऱ्या संहितेत ते यंत्रनोंदीत रीतसर होते, पहिलीत त्या नोंदीचा मागमूस नव्हता. हस्तलिखिताच्या एका प्रतीत पुष्पिका आहे, दुसरीत नाही. आणि प्रकल्पाच्या हाती लागली ती पुष्पिका नसलेली प्रत, असा हा प्रकार.

मराठी वाचकाला हा अनुभव तसा नवा नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे आपली वृत्तपत्रे आणि संकेतस्थळे आपापल्या फाँटात लिहिली जात. डोळ्यांना ती शुद्ध देवनागरी दिसे. आत मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता असे. शोधयंत्राला त्यात 'मराठी' हा शब्दही सापडत नसे. म्हणजे जे सर्वांना दिसत होते ते यंत्रापुरते नव्हतेच. त्याहून जुना दाखला महानुभावांचा. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिची किल्ली अभ्यासकांच्या हाती लागेपर्यंत ते वाङ्मय पंथाबाहेरच्यांना जवळपास नव्हतेच. पण त्यांचे लपवणे बुद्धिपुरस्सर होते, त्यामागे रक्षणाचा हेतू होता. आमच्या लेखिका कोणाच्याही इच्छेने लपल्या नव्हत्या. उलट त्यांना उघड करण्यासाठीच सगळा खटाटोप होता.

आता प्रश्न असा की सगळे क्रॉलर पहिली संहिताच वाचतात काय? तसे नाही, आणि इथेच घोटाळा होतो. गूगलचा क्रॉलर आधी पहिली संहिता आणतो, मग ती रांगेत ठेवून एका न्याहाळकात चालवतो, आणि त्यातून तयार झालेली दुसरी संहिता आपल्या सूचीत घेतो. २०१९ सालापासून त्याचा हा न्याहाळक वेळोवेळी अद्ययावत ठेवला जातो. स्क्रिप्टने घातलेली यंत्रनोंद चालते, टॅग मॅनेजरमधून आली तरी चालते, असे गूगल स्वतः सांगते. तेव्हा 'स्क्रिप्टने काम होते' हे त्या संस्थेचे म्हणणे खोटे नव्हते. ते एका वाचकापुरते खरे होते. आणि आमच्या बाबतीत त्या एका वाचकापुरतेही खरे नव्हते, कारण टॅग मॅनेजर सुरू होण्यास एक अट होती. पान उघडल्यावर खाली कुकींना संमती मागणारी पट्टी येई; वाचकाने 'मान्य' हे बटण दाबले तरच सगळ्या स्क्रिप्टा धावत. पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टांना ही अट योग्यच आहे. परंतु क्रॉलर बटण दाबत नाही, पान सरकवत नाही, कशाला मान्यता देत नाही. जे माणसाच्या कृतीनंतर येते ते त्याच्यासाठी येतच नाही. ज्या फोल्डरात स्क्रिप्ट ठेवली आहे त्याचे दार रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलीत बंद केलेले असले, तरीही हाच परिणाम होतो.

आम्ही आग्रह धरला आणि यंत्रनोंद त्या संमतीच्या अटीतून मोकळी झाली. ती पान उघडताक्षणी येऊ लागली. मग सर्च कन्सोलमधील पत्ता-तपासणीत गूगलने तयार केलेली संहिता पाहिली, तर तीत नावे उतरलेली होती. इथे एक सापळा आहे, तो शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानात ठेवावा. 'रिच रिझल्ट्स टेस्ट' नावाची गूगलची जी लोकप्रिय चाचणी आहे, ती गूगल ज्यांचे खास सजवलेले निकाल दाखवते तेवढेच प्रकार ओळखते. कथा हा प्रकार त्यांत नाही. म्हणून आमची निर्दोष नोंदही तिला 'काही आढळले नाही' अशी वाटे. अशा वेळी स्कीमा डॉट ऑर्गच्या तपासणी-पानावर दोन्ही संहिता आळीपाळीने चिकटवून पाहाव्यात. दुसरीत नोंद सापडली आणि पहिलीत नाही, तर नोंद स्क्रिप्टवर अवलंबून आहे हे सिद्ध झाले.

आमच्या बाबतीत ते सिद्ध झाले. गूगलपुरता प्रश्न सुटला होता. प्रकल्पाच्या क्रॉलरसाठी तो जसाच्या तसा होता. आणि असे क्रॉलर अपवादात्मक नाहीत. प्रत्येक पान न्याहाळकात चालवायचे म्हणजे संगणकाचा वेळ आणि पैसा. लहान संस्थांना तो परवडत नाही. 'कॉमन क्रॉल' हा महाजालाचा मोठा सार्वजनिक साठाही पाने सर्व्हरकडून येतात तशीच ठेवतो, स्क्रिप्टा चालवत नाही. जर्मनीतील मानहाइम विद्यापीठात त्या साठ्यातून जगभरच्या यंत्रनोंदी वेचून संशोधकांना खुल्या केल्या जातात. त्यात स्क्रिप्टने आलेली नोंद असणारच नाही. आज मोठमोठी भाषा-प्रतिमानेही ज्या मजकुरावर घडतात त्यात कॉमन क्रॉलचा वाटा आहे. इंग्रजीतील एखाद्या लेखिकेची नोंद एका ठिकाणी हुकली तर दहा ठिकाणी असते. आमच्या तालुक्यातील लेखिकेची नोंद एकाच ठिकाणी आहे, आणि ती तिथे नसेल तर कुठेच नाही. ज्या भाषेचे महाजालावरचे लेखन थोडे, तिने आपल्या नोंदी सर्वांत गरीब वाचकालाही वाचता येतील अशा लिहाव्यात, हा धडा आम्ही यातून घेतला.

अखेर साच्यात बदल झाला. परवानग्यांच्या रांगेत आम्ही उभे राहिलो, तो काळ सूची करण्याच्या काळाहून फार कमी होता. आता यंत्रनोंद सर्व्हरकडूनच पानासोबत निघते आणि टॅग मॅनेजरमधील जुनी नोंद काढून टाकली आहे; दोन्ही ठेवल्या असत्या तर एकाच कथेच्या दोन नोंदी झाल्या असत्या, आणि एक सुधारून दुसरी जुनीच राहिली असती. ज्यांना साच्याला हात लावणे शक्यच नसेल, त्यांनी स्क्रिप्टचा मार्ग जरूर घ्यावा. मात्र नोंदीतील नावे आणि वर्षे स्क्रिप्टमध्ये वेगळी न लिहिता पानावरच्या दृश्य मजकुरातून उचलावीत, म्हणजे दोहोंत तफावत पडणार नाही. आणि ती नोंद कोणत्याही बटणावर अवलंबून ठेवू नये. काही नाही त्यापेक्षा ते बरे. पण सूचीकाराने त्यावर समाधान मानू नये.

या सगळ्यात एक प्रसंग आम्हांला तांत्रिक बाबींहून अधिक शिकवून गेला. आमच्या सूचीतील एक वृद्ध लेखिका हयात आहेत. त्यांनी तरुणपणी टोपणनावाने काही कथा लिहिल्या, ज्यांत त्यांच्या घरातील माणसे ओळखू येतात. 'दोन्ही नावे एकत्र करू नका,' असे त्यांनी आम्हांला सांगितले. पानावर आम्ही ती एकत्र केली नाहीतच. तेव्हा कोणी सुचवले की निदान मागच्या नोंदीत तरी जोडावी, ती कोण वाचतो? हा युक्तिवाद आम्हांला मान्य होण्यासारखा नव्हता. मागच्या पानाला वाचक नसता तर आमची विद्यार्थिनी 'अज्ञात'ची कोष्टके घेऊन आलीच नसती. जे पानावर वाचकाला दिसत नाही ते यंत्रनोंदीत घालू नये, असा शोधयंत्रांचाही दंडक आहे. त्यांचा रोख लबाड व्यापाऱ्यांवर असेल, पण सूचीकारालाही तो लागू पडतो. 'ही तीच' असे लिहिणे म्हणजे केवळ माहिती भरणे नव्हे, तो एक निर्णय असतो. त्याला पुरावा लागतो आणि हयात व्यक्तीची संमतीही लागते. त्या बाईंची दोन नावे आमच्या सूचीत आजही दोन पानांवर आहेत, दोन स्वतंत्र लेखिका म्हणून, दोन्ही संहितांत सारखीच.

असो. प्रकल्पाचा क्रॉलर पुन्हा येऊन गेला आणि आमच्या विद्यार्थिनीने गणना नव्याने केली. 'अज्ञात' जवळजवळ नाहीसे झाले. जे उरले ते खरोखरच निनावी छापलेले आहेत. तिच्या कोष्टकात स्त्रियांनी लिहिलेल्या कथांची संख्या वाढली. लेखिकांची संख्या मात्र तिने अंकांतील छापील नावांवरून धरलेल्या अंदाजापेक्षा थोडी घटली, कारण माहेरची आणि सासरची नावे एकत्र आल्यावर दोन-दोन बायकांची एकेक बाई झाली होती. या घटीने ती आरंभी जरा खट्टू झाली. मग तिने त्या एकेकीच्या कथा सालवार लावून पाहिल्या. ज्या दोघी तीन-चार कथा लिहून गप्प झालेल्या वाटत होत्या, ती लग्नानंतरही सात-आठ वर्षे लिहीत राहिलेली एकच बाई होती. तिच्या प्रबंधातील एक प्रकरण आता त्यावर आहे.